गोधडी : घरच्या कापडाची, घरच्या हातांची

भाद्रपद सरत आला की कोल्हापूर-सांगलीकडच्या नद्यांचे घाट अंथरुणा-पांघरुणांनी भरून जातात. घटस्थापनेच्या आत दसऱ्याची धुणी उरकायची असतात. वर्षभर वापरलेल्या वाकळा पूर्वी बैलगाडीतून यायच्या, आता टेम्पोतून नाहीतर दुचाकीला बांधून येतात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोन टोकांना दोघी धरतात, पीळ देतात आणि खडकावर पसरतात. ऊन वर येईपर्यंत सगळा काठ झाकून जातो. कुठे हिरवं इरकल, कुठे गुलबक्षी पातळ, कुठे शाळेच्या गणवेशाची खाकी, कुठे धोतराचा पांढरा. घराघरातलं कापड असं वर्षातून एकदा उघड्यावर येतं आणि शेजारीण बघता बघता ओळखते, "हे तुमच्या आत्याबाईंचं लुगडं नव्हं?"

दक्षिण महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, तिलाच पुणे, नाशिक, खानदेश, विदर्भ गोधडी म्हणून ओळखतो. जुन्या कापडाचे थर एकमेकांवर अंथरून धावदोऱ्याने शिवलेलं हे पांघरूण महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी होतं. त्याकडे बराच काळ गरिबीची खूण म्हणून पाहिलं गेलं. कापूस भरलेली गादी-रजई परवडत नव्हती, कापड महाग होतं आणि चिंधीही टाकवत नव्हती, हे खरंच आहे. पण ती गरज भागवता भागवता घरोघरच्या बायकांनी एक पक्कं तंत्र घडवलं, आणि त्याच तंत्रातून देण्याघेण्याची एक रीतही उभी केली. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या बारशाला, नव्या संसाराला गोधडी शिवून द्यायची, आणि ती घरच्याच कापडाची असायची. आज गोधडी पुन्हा मागणीत आली आहे. अशा वेळी तिच्यात नेमकं काय मोलाचं आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

जुनेराचं महत्त्व

गोधडीचा कच्चा माल म्हणजे जुनेर. नव्या सुती कापडाला खळ असते, सुताचा पीळ घट्ट असतो. ते अंगाला टोचतं आणि पाणीही पटकन शोषत नाही. शंभर-दोनशे धुण्यांनंतर खळ पूर्ण निघून जाते, सूत सैलावतं, कापडाला मऊपणा येतो. साडी किंवा धोतर म्हणून त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं, पण अंगाशी धरायला ते आता कुठे तयार झालेलं असतं.

म्हणूनच तान्ह्या बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुनेरात. कित्येक घरांत बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी आली की आजीचं किंवा आईचं एखादं विरलेलं लुगडं पेटीतून बाहेर निघतं. त्यातून दुपटी होतात, कुंच्या होतात, आणि चार पदरांच्या छोट्या चौघड्या होतात. बाळंतविड्यात अंगडी-टोपडी विकतची चालतात, चौघडी मात्र घरचीच लागते. ती मुद्दाम पातळ ठेवतात. दिवसातून अनेकदा ओली होणारी वस्तू लवकर वाळली पाहिजे, म्हणून तिच्यात थर कमी आणि टाके जवळजवळ असतात. मोठ्यांच्या गोधडीत सात-आठ थरही खपतात. तिथे वजन आणि ऊब हवी असते.

घरच्या कापडाचा आग्रह नुसता भावनेपोटी नव्हता. कोणतं लुगडं किती वर्षं नेसलं, कुठे विरलं, कोणत्या कापडाचा रंग जातो, कोणतं आटतं, हे घरच्या बाईला पाठ असतं. विकतच्या चिंध्यांची अशी खातरजमा कोण देणार? एखाद्या लाल कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला तर सगळी गोधडी डागाळते. ओळखीच्या कापडाला हा धोका नसतो.

एका लुगड्याचा हिशेब

गोधडीचं माप लुगड्यावरून पडलं आहे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि पन्ना साधारण सव्वा वार. त्याचे आडवे चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग दोन मीटरचा होतो, म्हणजे माणसाच्या उंचीहून थोडा जास्त. दोन-दोन भाग दंड घालून जोडले की सव्वादोन मीटर रुंदीची दोन कापडं मिळतात. एक वरचं, एक अस्तराचं. एका लुगड्यात दोघांना पुरेल अशा गोधडीची पाठ आणि पोट दोन्ही निघतात, आणि वाया काही जात नाही.

लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्या-उठण्याने मधला भाग आधी विरतो. काठाची वीण दाट असल्याने तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून काठ वेगळे फाडून घेतात आणि गोधडीच्या चारही कडांना गोट म्हणून लावतात. ओढाताण सगळ्यात जास्त कडांनाच सोसावी लागते, त्यामुळे सगळ्यात मजबूत कापड तिथे जातं. विरलेला भाग आत जातो. इरकलीचा टोपपदर वर दिसेल असा ठेवायचा, ही शिवणारीची हौस. कापड कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडण्याकडे कल असतो, कारण फाडलेलं कापड सुताच्या रेषेत सरळ फाटतं आणि गोधडी तिरकी जात नाही.

अंथरणं आणि शिवणं

शिवण्याआधीचं अंथरणं हा या कामातला सगळ्यात कसबी भाग. सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर अस्तर ताणून पसरतात आणि कोपऱ्यांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवतात. त्यावर जुनेराचे थर येतात. एका थराची विरलेली जागा दुसऱ्या थराच्या धड जागेवर आली पाहिजे. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत, शेजारी शेजारी बसवायच्या. नाहीतर तिथे गाठ होते आणि झोपणाऱ्याला रुतते. प्रत्येक थरावरून तळहात फिरवून सुरकुती बाहेर काढत जायचं. शेवटी वरचं कापड टाकायचं आणि लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालून सगळे थर तात्पुरते बांधून घ्यायचे.

कच्च्या दोऱ्याला एवढं महत्त्व का, ते पुढच्या कृतीवरून कळतं. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या कडेकडून आत शिवत आणतात. चारही बाजूंनी चौकोनात चौकोन येत जातात आणि शेवटची रांग मध्यावर मिळते. अशा पद्धतीत कापडाचा झोळ आत ढकलला जातो. कच्चा दोरा ढिला असेल तर मध्यावर पोचेपर्यंत तिथे फुगवटा झालेला असतो, आणि तो मग काढता येत नाही. जी आजी सुनेला शिकवते ती म्हणूनच सुई हातात देत नाही, आधी अंथरायला बसवते. "हात फिरव. अजून फिरव. बोटाला लागतंय का काही? मग अजून झालं नाही."

धावदोरा घालताना उजव्या हातात सुई आणि डावा हात खाली. खालच्या बोटाला सुईचं टोक टेकलं की ती सगळ्या थरांतून पार झाली हे कळतं, आणि लगेच ती वर वळवायची. तीन-चार टाके सुईवर घेतले की अंगुस्तान लावलेल्या बोटाने सुई रेटायची आणि दोरा ओढून घ्यायचा. ओढ नेमकी लागते. सैल सोडला तर आतलं कापड सरकतं, जास्त ओढला तर वरचं विरलेलं कापड फाटतं. शिवणारी गोधडीवरच बसते. तिच्या वजनाने कापड ताणलेलं राहतं, वेगळी चौकट लागत नाही. थर फार झाले तर साध्या सुईचं काम नसतं, दाभण घ्यावं लागतं. सुया, दाभणं, बिब्बे आणि काळी पोत विकणाऱ्या बायका गावोगाव दारावर यायच्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडची दाभणं हटकून खपायची.

या कामाचा आवाका आकड्यांत मांडून पाहावा. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडी घेतली, दोन रांगांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर सगळ्या रांगांची मिळून लांबी दीडशे मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर पंधरा हजार टाके होतात. त्यातला प्रत्येक टाका सात-आठ थरांतून खाली जाऊन पुन्हा वर आलेला असतो.

एवढ्या टाक्यांमुळेच गोधडी गोधडी होते. टाक्यांच्या रांगांमध्ये कापड किंचित फुगतं, तिथे हवा अडकून राहते आणि अंगातली ऊब धरून ठेवते. टाक्यांमुळे आतलं जुनेर एका कोपऱ्यात गोळा होत नाही, आपटून धुतलं तरी जागच्या जागी राहतं. एखादी रांग उसवली तरी शेजारच्या रांगा थर धरून ठेवतात, आणि तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो. हाताच्या ओढीने जे बारीक बारीक तरंग कापडावर उठतात, ते यंत्राच्या शिवणीत येत नाहीत. शिवणयंत्राची टीप सारखी आणि घट्ट असते. त्या गोधडीला चपटेपणा येतो, ती वळते कमी.

हे काम उन्हाळ्यात चालायचं. रानातली सुगी आटोपलेली, मृगाला अवकाश, दुपारी बाहेर पडवत नाही. सोप्यात नाहीतर झाडाच्या सावलीत गोधडी अंथरली की शेजारणी आपापली सुई घेऊन यायच्या आणि एकेक बाजू धरून बसायच्या. ज्यांच्या घरात हात कमी, त्या मजुरीवर शिवून घ्यायच्या. कुणी धान्यावर शिवायचं, कुणी पैशांवर. टाक्यांच्या लांबीवरून आणि ओढीवरून कोणती बाजू कुणी शिवली हे ओळखता येतं. त्या अर्थाने एकेका गोधडीत चार-पाच जणींच्या हातांची सही असते.

एका गोधडीत काय काय असतं

आमच्या घरात एक गोधडी आहे. तिचं वरचं कापड आजीच्या हिरव्या इरकलीचं, काठ लाल. एका कोपऱ्यात ती जरा उघडली आहे आणि आतले थर दिसतात. पहिला थर आजोबांच्या धोतराचा. त्याखाली निळ्या बारीक फुलांचं खटाव व्हॉइल. आई लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत आली तेव्हाची ती साडी. त्याखाली जाडसर, पिवळट मांजरपाट आहे. काका गिरणीत होते आणि गिरणीच्या दुकानातून कापड स्वस्तात आणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ते दुकान आमच्यापुरतं कायमचं बंद झालं. गिरणगावातल्या किती घरांत त्या कापडाचा एखादा तुकडा आता उरला असेल! आमच्याकडे तो आजीने आत घालून शिवला, म्हणून उरला.

आजीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. तिचा एकच फोटो आहे, तोही गटातला. तिने काय नेसलं, कुणाचं काय जपून ठेवलं, कुणाचं कापड कुणाच्या शेजारी लावलं, हे या गोधडीत मात्र हाताने चाचपून सांगता येतं. अशा लाखो बायकांनी आपल्या घराची नोंद कापडात ठेवली आहे. वापरून विरलेली गोधडीही त्यांनी टाकली नाही. तिच्यावर नवं वरचं कापड आणि नवं अस्तर चढवलं, की जुनी गोधडी नवीच्या पोटात भर म्हणून राहते. काही जाड गोधड्या उसवल्या तर आत आणखी एक पूर्ण गोधडी सापडते, आधीच्या पिढीच्या हातची.

सीमेपलीकडची भावंडं

गोधडीची भावंडं भारतभर आहेत. सोलापूर-कोल्हापूरच्या सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांतले पुष्कळजण गोव्यातल्या पोर्तुगीज अमलातून निसटून या रानात वसले, आणि आजही त्यांच्या घरात कोकणीच्या वळणाची बोली आहे. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घालून केलेली त्रिकोणी फुलं असतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं ते मानत नाहीत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी जुन्या कापडावर चित्रं भरतात. सिंध-राजस्थानची रल्ली तुकड्यांच्या नक्षीने उठते. महाराष्ट्राची गोधडी या सगळ्यांत साधी. नक्षीपेक्षा कापडाची जुळवणी आणि टाक्यांची शिस्त हाच तिचा साज.

या साधेपणामुळे तिची दखल उशिरा घेतली गेली. पैठणीवर, हिमरूवर पुष्कळ लिहिलं गेलं, गोधडीवर फार थोडं. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक केलं. ज्या वस्तू घरात पायपुसण्यावारी गेल्या असत्या, त्यांच्याकडे नीट पाहण्याची सवय अशा कामांनी लावली.

कापड बदललं तशी

गोधडी मागे पडली ती दोन-तीन कारणांनी. नऊवारी गेली, सहावारी आली, आणि १९७० नंतर घराघरांत नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या शिरल्या. ते कापड विरत नाही, पण मऊही होत नाही. ते पाणी शोषत नाही, थरात घातलं तर सरकतं, सुई त्यातून धड जात नाही, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. अशा साड्यांच्या गोधड्या पुष्कळ शिवल्या गेल्या आणि लोकांच्या मनातून गोधडी उतरण्याला त्यांनीही हातभार लावला. तोवर सोलापुरी चादर सगळीकडे पोचली होती. पुढे गुबगुबीत कृत्रिम ब्लँकेटं आली. शहरातल्या छोट्या घरात भिजलेली गोधडी वाळवायची कुठे, हाही प्रश्न होताच.

आता वारं थोडं फिरलं आहे. मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा अशा ठिकाणी बचत गटांच्या बायका गोधड्या घेऊन बसतात. बाळाच्या गोधड्यांना मागणी आहे. परदेशातली मराठी मुलं आईच्या साड्या, वडिलांचे सदरे पाठवून गोधडी शिवून मागतात. गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकवत नाहीत आणि कपाटात ठेवूनही काही होत नाही. अशा वेळी त्यांची गोधडी करणं हा फार शहाणपणाचा मार्ग आहे.

अशी गोधडी करणाऱ्याने काही गोष्टी सांभाळाव्यात. शक्यतो सुतीच कापड घ्यावं आणि एकदा धुऊन, वाळवून मगच फाडावं. सदऱ्याच्या पाठीचा तुकडा सगळ्यात मोठा मिळतो. कॉलर, बटणपट्टी काढून टाकावी, खिसा मात्र वर दिसेल असा ठेवायला हरकत नाही. होजिअरीचं कापड ताणलं जातं, त्याला मागून पातळ सुती कापड लावल्याशिवाय घेऊ नये. रेशमी साडी सुतीच्या शेजारी लावली तर दोन्ही वेगवेगळी आटतात, म्हणून रेशमाची गोधडी वेगळी करावी. दोरा सुतीच असावा. पॉलिस्टरचा चिवट दोरा जुन्या कापडाला कापत जातो. धुताना थंड पाण्यात भिजवावी आणि दोरीवर एका जागी लोंबत न ठेवता आडवी पसरून वाळवावी, कारण ओल्या कापडाचं वजन टाक्यांवर येतं. पेटीत ठेवायची तर कडक उन्हात तापवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवावी. आणि एका कोपऱ्यात दोऱ्यानेच साल आणि नावं घालावीत. कापड कुणाचं हेही लिहावं आणि शिवलं कुणी हेही.

शिवणारीचं नाव घालण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रदर्शनात गोधडीची किंमत ऐकून "एवढी? आणि तीही जुन्या कापडाची?" असं म्हणणारे अजून भेटतात. पंधरा हजार टाके कुणीतरी बसून घातले आहेत, पाठ आणि डोळे दोन्ही लावून. कुशल कामाची रोजची मजुरी धरून हिशेब केला तर ती किंमत कमीच निघते. घरच्या बाईने हे काम फुकट केलं, म्हणून ते स्वस्त मानण्याची सवय आपल्याला लागली. ती आता सोडायला हवी. हाताच्या कामाला हाताच्या कामाचा भाव मिळाला, तरच बचत गटातली तरुण मुलगी सुई धरील. नाहीतर यंत्रावर शिवलेल्या, कारखान्यातून नवी कोरी ठिगळं लावून आलेल्या चादरी गोधडी म्हणून विकल्या जातील, आणि दोन पिढ्यांनी कुणाला फरकही सांगता येणार नाही.

ज्यांच्या घरात अजून गोधडी शिवणारी आजी, मावशी, आत्या आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्यात तिला पेटी उघडून द्यावी. कोणतं कापड कुणाचं हे तिच्याकडून विचारून लिहून घ्यावं आणि शेजारी बसून निदान अंथरणं तरी शिकावं. टाके पुढे कुणाकडूनही शिकता येतील. कापडाची ओळख तिच्याशिवाय कुणी सांगणार नाही. तयार झालेली गोधडी ज्याला द्यायची त्याला ती रोज वापरायलाच सांगावी. विरली तर विरू द्यावी. तिच्यावर नवं कापड चढवण्याचं काम पुढच्या माणसाचं, आणि ते कसं करायचं हे त्याला शिकवणं आपलं.